न नांगरलेले शेत पाहायला

शहरातल्या छावणी भागातून निघालेली आमची जीप फुलंब्रीच्या रस्त्याला लागली आणि शेतांऐवजी कमानीच दिसू लागल्या. सलग दुसऱ्या वर्षी पावसाने पाठ फिरवली, पण प्लॉटिंगच्या कमानींचे पीक जोमात होते. प्रत्येकीवर कारंज्याचे चित्र आणि आत वाळलेली कुसळे.

माझे मेहुणे शेषराव यांचे शेत गावाबाहेरच्या बरडावर (उथळ, खडकाळ जमिनीवर) आहे. त्यांनी नांगरणी बंद केली होती. ताग वाढवायचा, आडवा पाडायचा आणि त्या आच्छादनातूनच हरभरा टोबायचा. धाकटा भाऊ नामदेव मात्र आपला वाटा प्लॉटवाल्याला द्यायला निघाला होता. अखेर भावांत ठरले की, माती वाचवणारी एक संस्था पाहुण्यांना घेऊन शेत दाखवायला येणार होती, त्या शिवारफेरीच्या दिवशी तागाखाली ओल निघाली तर जमीन विकायची नाही. मला साक्षीला बोलावले होते.

पोहोचलो तर शेतात मांडव, मांडवात गालिचा आणि चहूकडे उकरलेली माती! शेषराव बांधावर बसून होते.

"दाजी, काल मला हार आणायला धाडलं अन् मागं ह्यांनी रोटाव्हेटर फिरवला!"

संस्थेचा संयोजक हसत म्हणाला, "अहो, कचरा होता सगळा. पाहुण्यांसमोर बरं दिसतं का?"

बिननांगरणीच्या शेतीचा कार्यक्रम आणि तयारी म्हणून नांगरट! असली अक्कल शिकवून येत नाही. पाहुण्यांनी गालिच्यावरूनच उपदेश केला, "माती झाकून ठेवा." टाळ्या पडल्या. मला संताप आवरेना. गालिच्याचा कोपरा उचलून म्हणालो, "साहेब, जरा खाली बघा."

त्यांनी वाकून पाहिले. "वा! छान भुसभुशीत आहे."

नामदेवने बांधाकडेची मूठभर माती उचलली. बोटांतून फुफाटा गळाला.

"कुठंय ओल, दादा?"

"होती रे. कालपस्तोर होती."

पंगतीतले पिठले-भाकरी मात्र झकास होते. राग असूनही मी पुन्हा मागून घेतले.

परतताना नामदेव माझ्याच जीपमध्ये चढला, प्लॉटवाल्याकडे जायला.

"अजून एक साल थांबा की," मी म्हणालो.

"ठरलं ते ठरलं, दाजी. मी फोन केला तर त्यो लई खूश झाला. म्हणला, रान साफच करून ठिवलंय, आता निस्ती चुन्याची फक्की मारायची."

बाहेर पुन्हा कमानी सुरू झाल्या. पुढची कमान कुठे उभी राहणार हे मला आता ठाऊक होते. माती वाचवायला आलेली मंडळी त्या कमानीसाठी जागा साफ करून, हार घालून घेऊन, आमच्या पुढच्याच गाडीने शहराकडे चालली होती.