धोंडाबाईंच्या टिकल्या

हदगावच्या धोंडाबाईंना लिहिता येत नाही. नवरा गेल्यापासून त्या कपाळाला टिकली लावत नाहीत, पण पाकिटं मात्र विकत आणतात. बायका काय बोलायचं ते बोलोत. त्यांचा तिशीतला मुलगा हरिओम मुका आहे. त्याला फिट आली की त्या कॅलेंडरच्या तारखेवर लाल टिकली चिकटवतात, गोळी बदलली की हिरवी.

नांदेडच्या डॉक्टरांनी विचारलं, "फिट वाढल्यात. गोळ्या चुकवता का?"

धोंडाबाईंनी टेबलावर कॅलेंडर पसरलं. "ही हिरवी तुमच्या नव्या गोळीची. तिच्या आधी महिन्याला एक लाल. नंतरच्या तुम्हीच मोजा."

डॉक्टरांनी मोजल्या आणि जुनी गोळी लिहून दिली.

धोंडाबाईंनी तिथंच आजच्या तारखेवर हिरवी टिकली दाबली. "गोळी चुकली न्हाई, साहेब. चुकली असती तर तिचीबी काळी टिकली लावली असती."