दसऱ्याचं तेल लागलेला पाइप

२४ ऑक्टोबर १९६९, शुक्रवार. सकाळी गारवा. उद्याच्या कोजागिरीसाठी दूध सांगून ठेवलं. दुपारी मोतीलालभाऊंची अ‍ॅम्बेसेडर गॅरेजात आली. ब्रेकचे पुढचे दोन्ही रबरी पाइप बदलून दिले. जुने ठेवून घेतले.

इतकं लिहून पुष्पलताबाईंनी पेन खाली ठेवलं. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांची शिकवण अशी होती, की घडलं ते वहीत लिहावं आणि मनातलं देवाला सांगावं. आज देवासाठी काही शिल्लक नव्हतं. मनातलं सगळं त्या भर दुपारी रस्त्यावर बोलून आल्या होत्या.

गॅरेज त्यांच्या नवऱ्याचं, घनश्यामचं. बालाघाटात गोंदिया रोडला टिनाची एक शेड, मध्ये गाडीखाली उतरायचा खड्डा, आणि समोर बाबूलालची चहाची टपरी. पाच वर्षांपूर्वी धानाच्या गिरणीचे मालक मोतीलाल बैहरच्या घाटात गाडीसकट सागाच्या झाडावर आदळले. ब्रेकचा पाइप फुटला होता, आणि तो घनश्यामनं काही महिन्यांपूर्वीच नवा घातलेला. हात गळ्यात अडकवून मोतीलाल बाजारभर सांगत फिरले, "घनश्यामनं जुना पाइप नवा म्हणून लावला. मले मारलंच होतं त्यानं."

गिऱ्हाईक तुटलं. घनश्याम तो फुटका पाइप घेऊन मोतीलालच्या दारी गेला, तर त्याला अंगणात उभं ठेवलं आणि मोतीलाल काही बाहेर आले नाहीत. "मी नवाच लावला होता गं," एवढंच तो पुढे दोन वर्षं म्हणत राहिला, जेवताना, दाढी करताना, तापात. मग गेला. मातीला मोतीलाल आले होते. "बिचारा मानूस वाईट नव्हता," असं म्हणाले. पुष्पलताबाईंनी ते वाक्य जपून ठेवलं, जसा फुटका पाइप बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवला तसा. पुनाराम मिस्त्रीला हाताशी धरून त्यांनी गॅरेज चालू ठेवलं, ते पोटासाठी खरंच, पण कधीतरी ती गाडी या दारात येईल म्हणूनही.

आज ती आली. मोतीलाल राजेगावहून आपल्या होणाऱ्या व्याह्यांना, महागूजींना, घेऊन लामत्याला निघाले होते. तिथे आज मोतीलालच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. टपरीसमोर गाय आडवी आली, ब्रेकवरचा पाय थेट तळाला गेला, आणि गाडी हँडब्रेकवर कशीबशी थांबली ती नेमकी घनश्यामच्या शेडपुढे.

"वहिनी," मोतीलाल खाली मान घालून म्हणाले, "जरा पाहून घ्या. घाई हाय."

महागूजी चहाला टपरीवर बसले. गाडी खड्ड्यावर ढकलून घेतली. पुनाराम खाली उतरला, पुष्पलताबाई स्टीअरिंगवर बसल्या.

"दाबा, बाई. सोडा. आता पुन्हा दाबा." मग तो खालून म्हणाला, "बाई, तुमीच या खाली."

लुगड्याचा काचा मारून त्या खड्ड्यात उतरल्या. पुनारामनं वर जाऊन ब्रेक दाबला, तसा चाकामागचा रबरी पाइप बेडकाच्या गळ्यासारखा फुगला. सोडला की बसे. बोटानं दाबला तर लोण्यासारखा मऊ, चिकट, आणि बोटाला वास लागला तो घरातला, रोजचा. जवसाच्या तेलाचा. डब्यातला पाइप असाच फुगलेला, असाच चिकट होता. त्याला मात्र घाटातल्या पावसानं वास उरू दिला नव्हता.

त्या वर आल्या, हात पुसले आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "मोतीलालभाऊ, गाडी मात्र चमकते हो तुमची. खालूनसुद्धा."

"चमकंलच," मोतीलाल व्याह्यांना ऐकू जाईल असं बोलले. "दर दसऱ्याले आन दर अमावस्येले जवसाचं तेल चोपडतो मी सोताच्या हातानं. चाकं, पाइप, काही सोडत नाही. लक्ष्मी हाय ती. नवी घेतली तेव्हापासून नेम हाय."

"त्या घाटातल्या वर्षीही लावलं होतं?"

"हौ, लावलंतं ना."

पुष्पलताबाईंनी डबा आणला आणि जुना पाइप गाडीच्या बॉनेटवर ठेवला. "रबराला तेल लागलं की ते फुगतं, भाऊ, आणि आतून सडतं. नवा पाइप तुमच्या तेलानं खाल्ला. तुमच्या स्वतःच्या हातच्या."

मोतीलालनं पाइप बोटानं बाजूला सारला. "बरं, जाऊ द्या. नवे लावून द्या, उशीर होऊन राह्यला."

"नवे आहेत कपाटात. पण आधी तुम्ही त्या रस्त्यावर जा आणि सांगा, की चूक घनश्यामची नव्हती."

"बाई," पुनाराम हळूच म्हणाला, "मालक असते तं आधी पाइप लावला असता."

"ते नाहीत ना, पुनाराम. म्हणून तर."

मोतीलालनं रस्त्याकडे पाहिलं. लामत्याची बस निघून गेली होती आणि तिकडे माणसं वाट पाहत होती. ते टपरीकडे चार पावलं गेले आणि काहीतरी पुटपुटले.

"बाबूलालला ऐकू नाही आलं," पुष्पलताबाई शेडच्या दारातून म्हणाल्या. "बाजारात सांगितलं होतं तेवढ्या आवाजात सांगा."

बाबूलालनं स्टोव्हची हवा सोडली. स्टोव्ह गप्प झाला.

"घनश्यामनं पाइप नवाच लावलता," मोतीलाल म्हणाले. "माह्याच तेलानं सडला. मी खोटं बोललो."

महागूजींनी कप खाली ठेवला. "काहून हो," त्यांनी सावकाश विचारलं, "आज आमाले बसवलं ते बी त्याच तेलावर का?"

मोतीलाल पाठ फिरवून गाडीकडे वळले. पुष्पलताबाईंना त्या क्षणाची चव जिभेवर आली आणि ती संपूच नये असं वाटलं.

मग काम मात्र त्यांनी चोख करून घेतलं. पाइप बसवले, स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून ते चाकाला कुठे घासत नाहीत ना हे पाहिलं. ब्रेक ऑइल भरलं आणि बुडबुडे यायचे थांबेपर्यंत पायडल मारून हवा काढली. तोवर मोतीलाल उन्हात उभे होते. त्यांना बसायला कुणी सांगितलं नाही, आणि टपरीवरच्या बाकावर व्याह्यांच्या शेजारी जागा असून ते बसले नाहीत.

"आता मनातून काढून टाका, वहिनी," निघताना ते म्हणाले.

"त्या दिवशी तुम्ही अंगणात आला असता तर काढलं असतं."

महागूजी मागच्या सीटवर बसले, ते दाराच्या कडेला, एक हात कडीवर ठेवून.

गाडी गेल्यावर पुष्पलताबाईंनी तीनही पाइप दोरीला बांधून शेडच्या दारावर रस्त्याकडून दिसतील असे टांगले. गिरणीचा रस्ता याच दारावरून जातो.

"वहिनी, हे काय लटकवलं?" बाबूलालनं विचारलं.

"मोतीलालभाऊंची दसऱ्याची पूजा," त्या म्हणाल्या. "कुणी विचारलं तर असंच सांग. तुझ्या चहाबरोबर."

पाने-पेचकस, सगळी हत्यारं पुसून पुनारामनं जागच्या जागी ठेवली आणि जाताना टांगलेल्या पाइपांखालून जरा वाकून गेला.

हे सगळं पुष्पलताबाईंना पुन्हा एकदा पहिल्यापासून आठवून झालं. दोरी काढायचा विचार एकदा मनात आला आणि गेला. त्यांनी पेन उचललं आणि खाली एक ओळ जोडली:

संध्याकाळी जवसाची चटणी केली. मीठ थोडं कमी पडलं.