आईंना प्रवास सोसत नाही

दिवाळीच्या सुट्टीत कोल्हापूर, तुळजापूर करून आम्ही राळेगावला घरी परत येत होतो. गाडी चालवायला माझा नवरा प्रमोद, शेजारी मामाजी म्हणजे माझे सासरे, मागे मी, सासूबाई आणि आमची लेक स्वरा.

आमच्या घरात एक गोष्ट सगळ्यांना पाठ आहे... आईंना, म्हणजे सासूबाईंना, प्रवास सोसत नाही. त्यामुळे निघताना ओव्याची डबी, लिंबं आणि पिशव्या मी कपड्यांच्या आधी भरते. घरी त्या हिरव्या मिरचीचा ठेचा भाजीसारखा खातात, पण गाडीत बसल्या की पोट बिघडतं. एकदा कारंजाला बिघडलं, एकदा मूर्तिजापूरला. दोन्ही वेळा मुक्काम करावा लागला आणि दोन्ही वेळा मी मनातल्या मनात चिडले होते.

तुळजापूरला दर्शनाच्या रांगेत सकाळ गेली. आदल्या रात्री डासांनी प्रमोदला झोपू दिलं नव्हतं. नांदेड मागे पडलं तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं आणि उमरखेडच्या पुढे त्याची लक्षणं सुरू झाली... आधी खिडकी उघडली, मग तोंडावर पाणी मारलं, मग मोठ्याने गाणी लावली.

मी दोनदा म्हटलं, थांबू या कुठेतरी. पण त्याचं म्हणणं, आपल्याच जिल्ह्यात येऊन लॉजवर कोण राहतं? लोक हसतील. यवतमाळ जिल्हा लागला की त्याला घराचं अंगण लागल्यासारखं वाटतं. राळेगाव जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला आहे, हे तो विसरतो.

आणि मग गाडी पांढऱ्या पट्ट्याच्या बाहेर गेली. चाकाखाली खडी वाजली. पुढे कडेला कापसाने भरलेली ट्रॉली उभी होती, मागे लाल दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही. प्रमोदने ऐन वेळी स्टेअरिंग फिरवलं आणि म्हणाला, साइड देत होतो. कोणाला, ते मी विचारलं नाही... रस्त्यावर दुसरी गाडीच नव्हती. स्वरा माझ्या मांडीवर झोपली होती.

आई डोळे मिटून बसल्या होत्या, मला वाटलं झोपल्यात. महागावचे दिवे दिसायला लागले तसा त्यांचा आवाज आला.

"प्रमोद, मले पोटात कसंतरी होऊन राह्यलं. आता गाडीत बसवत नाही बापा."

प्रमोद वैतागला. झाडाखाली जरा वेळ गाडी लावू, बरं वाटलं की निघू, असं त्याचं सुरू झालं. पण आई ऐकेनात. संगं लहान पोरगी आहे, रस्त्यावर थांबायचं नाही, कुठे नीट खोली पाहा. आईच्या पोटापुढे प्रमोदचं काही चालत नाही.

लॉजवाल्याने गाव विचारलं. राळेगाव म्हटल्यावर तो चकित झाला. घर एवढं जवळ असताना इथं काहून थांबून राह्यले? प्रमोदने लगेच आईंकडे बोट दाखवलं आणि त्याची अब्रू वाचली.

मामाजींनी गाडी पुढच्या दिव्याखाली, चौकीदाराच्या खुर्चीसमोर लावून घेतली. खोल्यांच्या कड्या लावून, काढून पाहिल्या. तोवर प्रमोद पलंगावर टेकला आणि एका पायात बूट तसाच ठेवून घोरायला लागला. जेवायला हाका मारल्या, हलवलं... ढिम्म. हा माणूस आणखी दोन-अडीच तास आम्हाला घेऊन गाडी चालवणार होता. त्या बुटाकडे बघताना मला जी भीती वाटली, ती रस्त्यावरही वाटली नव्हती.

खाली जेवायला गेलो. आईंसाठी मऊ वरणभात सांगावा म्हटलं, तर त्यांनी स्वतःच भाकर, वांग्याची भाजी आणि ठेचा मागवला होता. दुसरी भाकर घेतली तेव्हा मी ओव्याची डबी पुढे केली. त्यांनी ती शांतपणे बाजूला सारली आणि बुक्कीने कांदा फोडला.

मी मामाजींकडे पाहिलं. ते तरुणपणी मेटाडोर चालवायचे आणि घरच्यांनाही त्यातूनच लग्नाकार्याला न्यायचे. ते गालात हसत होते.

"माह्या डोळ्यात झोप आली का हिचं पोट दुखे. मले पहिल्या खेपेलेच समजलं होतं."

मग कधी बोलला का नाहीत, मी विचारलं.

"कायले बोलू? झोप आली म्हणाची मले लाज वाटे. हिचं पोट दुखलं का थांबता येत होतं."

आई दुसऱ्याच कोणाबद्दल बोलणं चाललंय अशा थाटात मामाजींच्या ताटात भाजी वाढत होत्या.

सकाळी प्रमोद एकदम ताजातवाना. आईमुळे अडकलो, नाहीतर रात्रीच घरी असतो, हे त्याने आर्णी येईपर्यंत तीनदा ऐकवलं. आई म्हणाल्या, हो बापा. मामाजी खिडकीबाहेर तुरीकडे बघत होते.

कळंबला चहाला थांबलो. प्रमोद आणि मामाजी पुढे गेले तेव्हा आईंनी ओव्याची डबी माझ्या पर्समध्ये टाकली.

"माह्यं आता वय झालं. पुढच्या खेपेपासून तुह्यं पोट दुखू दे."

लग्नात त्यांनी मला पाटल्या दिल्या होत्या. त्या लॉकरमध्ये आहेत... ही डबी मात्र मी गाडीतच ठेवली आहे.

आता हे इथे लिहिलं म्हणजे प्रमोद वाचणारच. वाचू दे. मामाजींनाही पहिल्यापासून ठाऊक होतं... तरी त्यांनी दर वेळी गाडी थांबवली.