पिवळ्या पट्ट्याची गाडी

बुध्याला गाडीवेडा म्हटलं की तो रागावतो. मी म्हणते, रागाव खुशाल. मोठी बहीण आहे मी त्याची, हौशी नाव माझं. मी नाय बोलायचं तर कुणी बोलायचं? वांगणीत आमची घरं एकमेकांना टेकून आहेत, त्यामुळं मला सगळं दिसतं. सकाळी हा आधी जीपचं तोंड धुतो, मग स्वतःचं. वांगणी ते जव्हार त्याची फेरी. माणसं, कोंबड्या, नागलीची पोती, सगळं त्यातच. कुणी आजारी असला तर पुढची सीट त्याची, आणि बाकीच्यांनी कुरकुर केली तर खाली उतरायचं, हा त्याचा कायदा.

त्या जीपच्या दोन्ही बाजूंना वीतभर रुंद पिवळा पट्टा होता, रेडियमचा. जव्हारच्या दुकानातून गुंडाळी आणून त्यानं आमच्या अंगणातच लावलेला. त्याची पोरगी रविना तेव्हा शाळेत होती. तिची आई लवकर गेली, माझ्याच हाताखाली वाढली ती. बापानं एक टोक धरलं, पोरीनं दुसरं. पत्र्यावर शाम्पूचं पाणी मारून पट्टा ठेवला, आणि रविनानं शाळेच्या फूटपट्टीला फडकं गुंडाळून आतली हवा कडेला काढली. एक फुगा राहू दिला नाय पोरीनं.

लोक मग गाडी त्या पट्ट्यानंच ओळखायला लागले. नंबर वाचतो कोण? रस्त्याच्या वर डोंगरावर एक पाडा आहे. तिथून लांबचं वळण दिसतं. वळणावर पिवळं दिसलं की बायका भारे घेऊन उतरायला लागायच्या, त्या खाली पोचेपर्यंत बुध्या हजर. आधी उतरून करायचं काय? खाली झाड नाय, आणि मोबाईलला रेंज ना वर, ना खाली. बुध्याही वळणावरून वर बघायचा. कुणी उतरताना दिसलं तर थांबायचा, नायतर सरळ पुढं. कुणी बसून ठरवलेलं नव्हतं हे, सवयीनं बसत गेलं. पुढं रविना त्याच पाड्यावर दिली, संदीपच्या घरी.

तिला दिवस गेले आणि आमचा बुध्या हवेत. बाळंतपणाला लेक माहेरी आणायची, तर गाडी झकास पाहिजे म्हणे. जुना पट्टा उन्हानं विटला होता, कोपरे सुटले होते, हे खरं. पण पिवळाच आणावा की नाय? ह्यानं आणला काळा, चकचकीत, त्यातून लाल जाळ निघतोय असा. गरम पाण्याच्या फडक्यानं जुना पट्टा शेकून सोलला, राहिलेला गोंद पेट्रोलनं पुसला, कागदी टेप लावून रेघ सरळ धरली. दुसरं टोक धरायला मी. संध्याकाळी लांब उभा राहून विचारतो, "कशी दिसते गं बाय?"

"दाभोशाचा धबधबा बघायला येतात ना, त्यांच्या गाडीसारखी," मी म्हटलं. तो खूश झाला.

दुसऱ्या दिवशी आमच्याच नाक्यावर म्हातारा सोम्या आत चढेना. "बुध्याची गाडी यायची आहे, मी तिच्यातच बसणार." सगळे हसले. बुध्यानं उतरून त्याला हाताला धरून बसवलं.

त्याच सकाळी वर पाड्यावर रविनाच्या पोटात दुखायला लागलं होतं. दिवस भरायचे होते अजून. संदीपनं माणसं गोळा केली, बांबूला घोंगडी बांधून झोळी केली, तिला डोंगराच्या कडेला आणलं आणि सगळे वळणाकडं बघत बसले. उतार असा की रिकामा माणूस घसरतो. खाली नेऊन उन्हात ठेवायची, आणि गाडी आलीच नाय तर परत वर कशी चढवायची? पिवळं दिसलं की उचलायची, असं ठरलं. रविनाच म्हणत होती, बाबा येतील, थांबा.

वळणावर गाडी आली ती काळ्या पट्ट्याची. शिरपामाळला फिरायला आलेली माणसं असतील म्हणून कुणी उठलंच नाय. खालून बुध्यानं नेहमीसारखं वर बघितलं. कुणी उतरत नव्हतं. तो पुढं निघाला. मी त्याच्या मागच्याच सीटवर होते. आम्ही अजून सोम्यालाच हसत होतो.

दुपारी संदीप धावत रस्त्यावर आला आणि एका टेम्पोवाल्याच्या पाया पडला. तोवर वर डोंगराच्या कडेलाच बाळ झालं होतं. मुलगी. ती रडलीच नाय. रविना तेवढी वाचली.

बुध्याला हे जव्हारला दवाखान्याच्या आवारात कळलं. संदीपनं त्या काळ्या पट्ट्यावर बोट ठेवून विचारलं, "ही तुमची गाडी?" बुध्या नखानं पट्ट्याचा कोपरा उकरायला लागला. मला जावयाचा संताप आला, पण पोरगं खोटं थोडंच बोलत होतं?

घरी आल्यावर बुध्यानं तो पट्टा नखांनी ओरबाडला. मी पाणी तापवलं, त्यानं घेतलं नाय. मग जाऊन पिवळी गुंडाळी आणली. टोक धरते म्हटलं, तर नको म्हणाला. एकट्यानं कधी पट्टा नीट लागतो का? एका अंगाला तिरका उतरला, जागोजाग फुगे राहिले. तुझी काय चूक, असं लोक सांगतात. तो मान हलवतो. आता डोंगरावर कुणी दिसो न दिसो, तो खाली थांबतो, हॉर्न देतो, वर बघत राहतो. लोक वैतागतात. मी त्यांना गप्प बसवते.

रविना बापाशी बोलत नव्हती. माहेरी ये म्हणून मी वर जाऊन आले, तर तोंड फिरवून चुलीपाशी बसली.

परवा वळणावर आलो तर एक बाई उतरताना दिसली. हातात कपड्याची पिशवी. चालण्यावरून मी ओळखली. बुध्यानं खाली गाडी उभी केली आणि हॉर्न न देताच उतरला.

रविना खाली आली, पण आत बसली नाय. पट्ट्यासमोर उभी राहिली. मग कडेजवळच्या एका फुग्यावर अंगठा ठेवला आणि हळूहळू दाबत तो बाहेर काढला.

"हवा राहिली बाबा," ती म्हणाली. "मला का नाय बोलावलं टोक धरायला?"

बुध्या भरल्या गाडीसमोर लहान पोरासारखा रडायला लागला. तिनं डोळे पुसले आणि अंगठा दुसऱ्या फुग्यावर ठेवला. ऊन चढत होतं, सगळ्यांना जव्हार गाठायचं होतं, पण कुणी कुरकुर केली नाय.