बिझनेस क्लासची वायर

आमच्या देवळीत बिझनेस क्लासचं इंटरनेट घेणारं मी दुसरं गिऱ्हाईक. पहिली गावाबाहेरची जिनिंग मिल. तिचा निदान बिझनेस तरी होता. माझ्याकडे एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि त्याच खोलीत खुर्ची टाकून एकच पेपर दिवसभर पुरवून वाचणारे बाबा, एवढाच पसारा.

दोन हजारनंतरच्या पाच-सहा वर्षांतली ही गोष्ट. मी नागपूरला एका छापखान्यात कॉम्प्युटरवर पानं लावायचं काम करत होते, बारा वर्षं. आई गेली आणि बाबा घरात एकटे उरले. कापडाचं दुकान त्यांनी आधीच काढून टाकलं होतं. नागपूरला चला म्हटलं की म्हणायचे, "तिथं मले कोन ओयखते?" चार वर्षं मी शनिवारी यायची आणि रविवारी संध्याकाळच्या बसने परत जायची. पाचव्या वर्षी मला त्या बसचाच वीट आला. लग्नाचा विषय माझ्यापुरता कधीच मिटला होता, गावापुरता मिटला नव्हता ते सोडा. मला अडवणारं कोणी नव्हतं. मालकाला म्हटलं, पानं मी घरून लावते आणि इंटरनेटवरून पाठवते.

मालक भला होता, पण धंद्यात भलेपणा बेतानेच वापरायचा. त्याने तीन महिने दिले. सहा वाजता छपाईच्या प्लेटा करायला घ्यायच्या, म्हणून रोजची पानं सहाच्या आत पोचली पाहिजेत. तीन महिने जमलं तर कायमची देवळीला राहा, नाही तर नागपूरची खुर्ची आहेच. मला ती खुर्ची नको होती. मला घरी राहायचं होतं, बाबांजवळ.

फोनवरचं इंटरनेट पहिल्याच आठवड्यात हरलं. घरात कोणी फोन उचलला की लाइन तुटायची, आणि बाबांच्या हाताला तर उठसूट फोन उचलायची खोड. मग केबलवाल्याचं घरगुती कनेक्शन घेतलं. ते सकाळी धावायचं आणि संध्याकाळी रांगायचं, कारण पाच वाजता लोडशेडिंग संपलं की गावातले सगळे कॉम्प्युटर एकदम उठायचे. फोटो असलेली पानं जड असतात. तीन पानं जाईपर्यंत घड्याळ पावणेसहावर यायचं आणि माझा जीव टांगणीला लागायचा.

"ताई, तुमी बिझनेस क्लास घ्या," केबलवाला म्हणाला. शाळेत माझ्या दोन वर्ग मागे होता तो. "हे लाइन फक्त तुमची. बाकी गावानं कितीबी खेचलं तरी तुमच्या लाइनीले धक्का नाई."

दर महिन्याचे पैसे दुप्पट होते. घेतलं. गावात मग थट्टाही झाली. भाजीवालीपर्यंत बातमी गेली आणि तिने विचारलं, "ताई, बिझनेस कोनता टाकला वो?" मी म्हटलं, बापाला सांभाळायचा. ती हसली, मीही हसले.

वायर गच्चीवरून आत आली, म्हणून राऊटरची डबी जिन्याच्या वरच्या टोकाला असलेल्या लाकडी कपाटात बसवली. त्या कपाटात दुकानातले कापड मोजायचे जुने गज, कात्र्या आणि कापडाचे तुकडे होते. ती बाबांची हद्द. किल्ली त्यांच्या जानव्याला. मला वर जायचं कारणच नव्हतं. खाली टेबलावर वायर आली की माझं काम भागत होतं.

पहिल्या महिन्याचे उरलेले दिवस सुखाचे गेले. साडेपाचला पानं पोचल्याचा मालकाचा निरोप यायचा आणि मी बाबांसाठी चहा टाकायची. दुसऱ्या महिन्यात मात्र पाच वाजले की लाइन मरगळायला लागली. आधी थोडी, मग भरपूर. एका मंगळवारी शेवटचं पान सहा वाजून वीस मिनिटांनी पोचलं. मालकाचा फोन आला. आवाज चढवला नाही, पण म्हणाला, "आणखी एकदा असं झालं तर मला विचार करावा लागेल."

माझा सगळा राग केबलवाल्यावर निघाला. राग यायला मला वेळ लागत नाही आणि आला की तोंडाला कुलूप राहत नाही. तो येऊन तपासून गेला, तेव्हा सकाळ होती आणि लाइन वाऱ्यासारखी पळत होती. दुसऱ्यांदा आला तेव्हाही तेच. मी त्याला फोनवर लुच्चा म्हटलं, पैसेखाऊ म्हटलं, आणि त्याच्या दिवंगत वडिलांपर्यंत जाऊन आले. खुर्चीतून बाबा म्हणाले, "त्याले काऊन बोलून राह्यली? गरीब हाय तो." मी म्हटलं, तुम्ही यात पडू नका.

तिसऱ्यांदा तो मुद्दाम पाच वाजता आला. माझ्या टेबलाशी थोडा वेळ थांबला, मग बाबांकडून किल्ली मागून वर गेला. बाबांनी ती द्यायला जरा वेळ लावला. पाच मिनिटांनी वरून हाक आली, "ताई, जरा वर येता काय?"

कपाट उघडं होतं. राऊटरला वायर लावायच्या चार जागा होत्या आणि चारही भरलेल्या होत्या. एक वायर माझ्याकडे खाली येत होती. बाकीच्या तीन खिडकीच्या फटीतून बाहेर गेल्या होत्या: एक डाव्या हाताच्या घरी, एक रस्ता ओलांडून समोर, तिसरी मागच्या गल्लीत. सगळं नीट, सुतळीने बांधलेलं. कापडाच्या गाठोड्याला बाबा मारायचे तीच गाठ.

"मी नाई केलं हे," केबलवाला म्हणाला. त्याचे तीन घरांचे पैसे बुडाले होते, तरी माझ्याकडे बघून तोच ओशाळला. मी त्याची माफी मागितली. जन्मात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

खाली आले तेव्हा बाबांनी पेपर तोंडासमोर धरला होता.

"बाबा, हे कोनं केलं?"

"मास्तरनं जोडून देल्ल्या." डावीकडच्या घरात आयटीआयचे मास्तर राहायचे. "त्याले येते ते काम. तीन जागा रिकाम्याच व्हत्या ना बाई. लेकरं मांगत होते. रिकामी जागा असून नाई कसं म्हनू?"

"मी दुप्पट पैसे कायले भरून राह्यली मंग? माही नोकरी जाईन ना बाबा!"

"दुकानात कधी नुसतं मापाएवढं कापड देल्लं काय मी? चार बोटं वरतं कापलं. त्यानं दुकान बुडलं काय?"

मी ओरडले. बापावर ओरडू नये हे मला माहीत होतं, तरी ओरडले. म्हटलं, हे कापड नाही. एकाने ओढलं की दुसऱ्याला कमी पडतं. म्हटलं, मी इथे राहावं असं तुम्हाला वाटतच नाही. आत्ताच्या आत्ता वर जाते आणि तिन्ही वायरी उपटते.

बाबांनी पेपरची घडी केली.

"नको उपटू," ते म्हणाले. "समोरची बाई चार वर्षं रोज मले डबा देत होती, तुले माहीत हाय काय? छातीत दुखलं तवा मागचा किरानावाला मले गाडीत टाकून वर्ध्याच्या दवाखान्यात घेऊन गेलता. तुले नाई सांगतलं, तू धावत आली असती म्हनून. मास्तर रोज सकाळी दार वाजवते, म्हातारा उठला काय पाहाले. तू तीन महिन्यांसाठी आली बाई. आज हायेस, उद्या जाशीन. मंग मले हेच लोकं लागतीन."

मी तिथेच खाली बसले. त्यांच्या छातीत दुखलं होतं आणि मला माहीत नव्हतं. त्याहून जास्त लागलं ते दुसरंच. मी घर आवरलं होतं, कपडे लावले होते, गॅसचं कार्ड माझ्या नावावर करायला अर्ज दिला होता, आणि माझा बाप माझ्या जाण्याची तयारी करून बसला होता. रागाने नाही, तक्रार म्हणूनही नाही. चार वर्षं दर रविवारी मी गेलेच होते, त्यावरून त्यांनी हिशेबाने काढलेला तो निष्कर्ष होता, आणि तो चुकीचा म्हणायला माझ्याजवळ काही पुरावा नव्हता.

वायरी मी काढल्या नाहीत. दोन दिवस आम्ही जेवायला वाढण्यापुरतंच बोललो. तिसऱ्या दिवशी बाबा टोपी घालून बाहेर पडले आणि तिन्ही घरी सांगून आले, "पाच ते सहा पोरीचे पानं जातात. तेवढा एक घंटा हात लावू नका." आणि खरोखरच कोणी हात लावला नाही. समोरच्या काकू तर पाच वाजता मुलाच्या कॉम्प्युटरवर चादर टाकून ठेवायच्या आणि सहाला फाटकातून विचारायच्या, "गेले काय वं तुहे पानं?" गेले म्हटलं की चादर निघायची. पुढे एकदाही उशीर झाला नाही.

तीन महिने भरले त्या दिवशी दुपारी मालकाचा फोन आला. व्यवहारी माणूस, दोन वाक्यांत आटपलं: जमलंय, असंच चालू दे, इथली खुर्ची मी दुसऱ्याला देतो. मी बाबांना सांगितलं. म्हटलं, "आता मी कुठंबी जात नाई. इथंच राह्यते."

"बरं झालं," बाबा म्हणाले आणि पेपर वाचत राहिले. मला थोडं वाईट वाटलं. मी स्वयंपाकघरात गेले, शिरा करायला रवा भाजायला घेतला. थोड्या वेळाने जिन्यावर पावलं वाजली, मग फाटकाचा आवाज आला. म्हटलं, गेले असतील गप्पा मारायला.

शिरा झाला तेव्हा ते परत आले. घामाने सदरा पाठीला चिकटला होता आणि खांद्यावर वायरीची तीन भेंडोळी होती, नीट गुंडाळून सुतळीने बांधलेली. त्यांनी ती माझ्या टेबलावर ठेवली.

"हे काऊन काढल्या?" मी विचारलं. "लोकं काय म्हनतीन, बाबा?"

"काई नाई म्हनत. सांगून आलो मी सगळ्याईले." त्यांनी टोपी काढून खुंटीला लावली आणि खुर्चीत बसले. "आता कायले पायजे बाई? तू हायेस ना."

मी वाटीत शिरा वाढून आणला आणि त्यांच्यासमोर बसून रडले.