कानाशी धरलेला डबा

शाळेत निघण्याआधी जनका रोज आपला जेवणाचा डबा कानाशी धरून हलवायची. गडगड वाजलं तर कांदा, खुळखुळ वाजलं तर भाजलेले शेंगदाणे, आणि नुसतंच धप्प झालं तर भाकरीवर थापलेलं पिठलं. झाकण उघडून पाहणं तिला कमीपणाचं वाटे. "उघडून तं मांजरही पाह्यते," ती म्हणायची आणि डबा पिशवीत टाकून पळायची.

हा नाद डब्यावरच थांबता तर बरं होतं. तुरीची वाळलेली शेंग, नारळ, आजोबांची काडेपेटी, मास्तरांच्या चष्म्याचं घर, हाताला लागेल ते तिच्या कानाशी जायचं. एकदा वर्गात तिने शाईची दौत हलवून पाहिली. बूच सैल होतं. शाई कानावरून मानेवर आणि मानेवरून पोलक्यात उतरली. दिवसभर निळा कान घेऊन बसलेल्या जनकाला मास्तरांनी विचारलं, "कोणं पिळला वं इतका?" सगळा वर्ग हसून लोळला, आणि सगळ्यांत उशिरा थांबली ती जनकाच.

गावातली शाळा सातवीपर्यंत होती. आठवीला ती आणि तिची जिवाची मैत्रीण सिंधू सोनाळ्याच्या हायस्कुलात जाऊ लागल्या. वाट कपाशीच्या वावरांमधून. दोघी कविता पाठ करत, एकमेकींच्या चपला बांधावरच्या बोरीत फेकत, मग काटे मोडून घेत त्या काढत निघायच्या. समोर सातपुडा निळा दिसायचा. "तुह्या कानासारखा," सिंधू म्हणायची, आणि पुन्हा पळापळ.

पण बोंडं फुटायला लागली तसे जनकाचे आजोबा महादेवराव ओसरीवरून बोलू लागले. घरात सगळे त्यांना आबाजी म्हणत. "कापूस वेचाले माणूस भेटून नाही राह्यलं, अन् आपली पोट्टी सोनाळ्याले जाऊन काय करते? दौती सांडते. दिवाळीपासून शाळा बंद. वावरात चाल म्हणा."

जनकाचे वडील रंगराव आबाजींपुढे तोंड उघडत नसत. आई तानाबाई चुलीत लाकूड जरा जोरात सारायची, तेवढंच. जनकाने रडून पाहिलं, रुसून पाहिलं, एक दिवस उपाशी राहूनही पाहिलं. नेमकी त्याच दिवशी घरात मुगाची भजी झाली आणि उपास दुपारीच सुटला.

भुलाबाईचे दिवस होते. घरोघर मातीची भुलाबाई बसलेली, आणि कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी मुली टिपऱ्या घेऊन दारोदार गाणी म्हणत फिरायच्या. गाणी संपली की घरातलं माणूस झाकलेला डबा हलवून दाखवी, आणि आतली खिरापत मुलींनी आवाजावरून ओळखायची. त्याशिवाय कोणाच्या हातावर दाणाही पडत नसे. इथे जनकाचं राज्य होतं. "बत्तासे!" "मुरमुरे. अन् डाळवंही हाय त्यात!" बाया वैतागून डब्यात फडकी कोंबायच्या. त्यावर जनका म्हणायची, "फडक्याखाली फुटाणे."

आबाजी हे सगळं ओसरीवरून ऐकत. एका संध्याकाळी म्हणाले, "लय कानाची झाली काय वं तू? कोजागिरीले आपल्या घरची खिरापत ओळखून दाखव. तीनदा सांगाचं. ओळखली तं जाय तुह्या सोनाळ्याले, मी आडवा येत नाही. नाही ओळखली तं परकर खोचून कपाशीत."

"आन घ्या."

"शेगावच्या महाराजाची आन. आता हट, मले जेवू दे."

कोजागिरीला आबाजींनी मोठा बंदोबस्त केला. खिरापत रंगरावांनी भरायची आणि भरला डबा आबाजींच्या उशाशी ठेवायचा, म्हणजे लबाडीला जागा नको. रंगरावांनी खोबऱ्याचा कीस आणि साखर भरली, डबा उशाशी नेऊन ठेवला आणि मग मागल्या दारी भांडी घासणाऱ्या लेकीजवळ येऊन, तिच्याकडे न पाहता, आभाळाकडे पाहत म्हणाले, "खोबरं-साखर. मी तुले काही सांगतलं नाही." आणि निघून गेले.

जनकाच्या हातातली राख तशीच राहिली. बाबा इतके दिवस तिच्याच बाजूचे होते तर!

तानाबाईला यातलं काही माहीत नव्हतं. आपला नवरा बापाच्याच शब्दात राहणार, हे तिने धरूनच ठेवलं होतं. आबाजी आंघोळीला गेल्याबरोबर तिने डबा उचलला, खोबरं-साखर एका परातीत ओतली आणि डब्यात रव्याचे लाडू ठेवले. लाडू डब्यात आपटतात, ते बहिऱ्यालाही कळतात. मग जनकाची वेणी घालताना तिने पेडाला हिसका दिला.

"लाडू. ऐकलं नं?"

"पण माय..."

"पण नाही अन् बिण नाही. लाडू."

जनकाच्या डोक्यात नुसता गोंधळ. एका डब्यात दोन खिरापती कशा? शिवाय फुकट सांगितलेलं उत्तर तिला नको होतं, आणि सोनाळा तर हवाच होता.

संध्याकाळी अंगणात ज्वारीच्या ताटांचा मांडव उभा राहिला, खाली भुलाबाई. गावातल्या सगळ्या मुली आल्या होत्या. पैज सिंधूने गावभर सांगून ठेवल्यामुळे त्यांच्या आयाही आल्या होत्या. चंद्र वर आला. टिपऱ्या इतक्या जोरात वाजल्या की सिंधूची एक टिपरी मोडून थेट गोठ्यात गेली. गाणी संपली. आबाजी डबा घेऊन उठले. आज ते का कोण जाणे फारच हळू चालत होते. त्यांनी डबा दोन्ही हातांनी, तान्ह्या मुलासारखा धरला आणि जरासा हलवला.

किणकिण.

जनकाने कान पुढे केला. किणकिण फक्त झाकणाची होती. आतून काही उत्तरच नव्हतं. तिने वडिलांकडे पाहिलं. रंगराव भुवया उडवत होते. बाबांचा मान राखून ती म्हणाली, "खोबरं-साखर."

"नाही," आबाजी म्हणाले.

रंगरावांचं तोंड उघडंच राहिलं. "आबाजी, नीट पाहा नं जरा."

"तुले काऊन रे इतका पुळका?"

तानाबाई दारातून डोक्यावरचा पदर सारखा करता करता हाताने गोल गोल करत होती. जनका म्हणाली, "लाडू."

"नाही." या वेळी आबाजींचा आवाज जरा बारीक निघाला.

"नाही कसे?" तानाबाई ओरडली, आणि मग आपलाच पदर तोंडात कोंबून आत पळाली.

सिंधूने उरलेली टिपरी छातीशी धरली. आता शेवटचं उत्तर, आणि त्यात सोनाळा, हायस्कूल, बोरीतल्या चपला, सगळंच. कोणीतरी मागून कुजबुजलं, "शिरा म्हण, शिरा." जनकाने डोळे मिटले.

"आबाजी, अजून एकदा वाजवा."

"कायले?"

"वाजवा नं."

आबाजींनी हलवला. किणकिण. आता मात्र जनकाच्या ओठांच्या कोपऱ्यातून हसू सुटायला लागलं. आई चुकली होती, बाबा चुकले होते. कान चुकत नव्हता.

"रिकामा हाय," ती म्हणाली. "डब्यात काहीच नाही, आबाजी."

"बाप्पा! भुलाबाईपुढं रिकामा डबा?" एक बाई म्हणाली. "उघडा, उघडा!" मुलींनी गिल्ला केला. आबाजींनी झाकण काढलं. तळाला रव्याचे चार कण, आणि चांदण्यात पाहिलं तर तसेच चार आबाजींच्या मिशीत.

"मी एकच खाल्ला व्हता," आबाजी म्हणाले.

"अन् बाकीचे?"

"बाकीचे त्याच्या मागं गेले. रंग्यानं काय भरलं, ते पाहाले उघडला व्हता मी. दात नसलेल्या माणसाच्या उशाशी रव्याचे लाडू ठेवता, काही समजते का तुमाले?"

"पण मी तं खोबरं भरलं व्हतं!" रंगराव बोलून गेले, आणि मग सगळंच उघडं पडलं. तानाबाईने आतून खोबऱ्याची परात आणली. हसता हसता कोणालाच ती नीट धरता येईना, आणि निम्मी खिरापत सांडून गेली. आबाजींनी मिशी पुसली, चिमूटभर खोबरं जनकाच्या हातावर ठेवलं आणि म्हणाले, "जाय बाप्पा सोनाळ्याले. घरात लबाड कमी नाहीत, एक तरी शिकलेला पाह्यजे."

जनका सोनाळ्याहूनच मॅट्रिक झाली. लग्न होऊन हिवरा आश्रमाजवळच्या गावी गेली आणि तिथे अंगणवाडीची बाई झाली. पोरांना तिने खाऊ कधी सरळ हातावर ठेवला नाही. आधी डबा वाजायचा, मग ओरडा, मग खाऊ. केस पांढरे झाले, जनकाची जनकाबाई झाली, तरी घरात आलेलं प्रत्येक पुडकं आधी तिच्या कानाशी जायचं. नातीचा फोनसुद्धा तिने एकदा हलवून पाहिला आणि "आत काही नाही" म्हणून परत दिला.

मागच्या दिवाळीनंतरची एक दुपार. जेवण झालेलं. ज्या झोपेतून ती पुढे उठली नाही, त्या झोपेसाठी ती अंथरुणावर टेकत होती. जवळच नात ओवी गाल फुगवून, दोन्ही मुठी पाठीमागे लपवून उभी. जनकाबाईने उशाशी ठेवलेला डबा उचलला, कानाशी धरला, हलवला, डोळे मिटूनच हसली आणि म्हणाली, "रिकामा हाय वं हा. कोणं संपवला चिवडा?"