वस्तादांची जोड

वस्ताद आधी माणसाच्या मानेला हात लावायचे आणि मग नाव विचारायचे. ओतूरच्या बाजारपेठेत माझं कापडाचं दुकान आहे. ते पहिल्यांदा फेट्याचं कापड न्यायला आले तेव्हा कापड राहिलं बाजूला, माझीच मान दाबून म्हणाले, "बसून बसून लोणी झालंय शेठ." गिऱ्हाइकं फिदीफिदी हसली. मीही हसलो, दुसरं काय करणार?

ही खोड घराण्यातून आलेली. त्यांचे वाडवडील मेंढरं राखायचे. कोकरू घेताना पाठीवरून हात फिरवला की मांस किती आणि नुसती लोकर किती, ते त्यांना कळायचं. वस्तादांनी तोच हात पैलवानांना लावला. जुन्नर-आंबेगावातल्या गावोगावच्या जत्रांत कुस्तीच्या जोड्या लावायचं काम त्यांच्याकडे असे. तुम्ही जत्रेतला आखाडा पाहिला असेल तर तुम्हाला ठाऊकच आहे, कोणाची गाठ कोणाशी घालायची यातच सगळं असतं. तिथे चुकलं की कोणाचं तरी हाड मोडतं. वस्ताद दोन्ही पोरांच्या माना चाचपायचे, मनगटं धरून बघायचे. पटलं तर दोघांचे हात वर करून आखाड्याला फेरी मारायचे. नाही पटलं तर, "न्हाई जमत राव, दुसरा बघा." मग समोर सरपंच असो की देणगीदार, ते ऐकायचे नाहीत.

"वस्ताद, ह्यो केवढ्याला द्यायचा?" असं कोणीतरी गर्दीतून हमखास ओरडायचं.

"इकायचा न्हाई. आईकडं धाडायचाय. जसा आला तसा."

एका वर्षी शेजारच्या गावच्या जत्रेत शेवटच्या कुस्तीचा एक पैलवान आलाच नाही. ऊन कललं होतं, माणसं धोतरं-पँटी झटकत उठायला लागली होती. तेव्हा पिंपळवंडीचा एक पोरगा पुढे आला. नुकतीच एक कुस्ती मारून बसलेला, अंगावरची माती तशीच. समोरचा नाशिककडचा, त्याच्याहून चांगलाच थोराड. पोरानं वस्तादांचे पाय धरले. "लावा ना वस्ताद. मला मोठी कुस्ती कोन देतंय? आज ऱ्हायली तर जन्माची ऱ्हायली."

वस्तादांनी त्याच्या मानेला हात लावला. जिंकणाऱ्यांचे फेटे घेऊन मी कडेलाच उभा होतो. त्यांचा हात तिथे थांबला, हे मी पाहिलं. पोरानं पाय सोडले नव्हते. वस्तादांनी त्याला उठवलं आणि दोघांचे हात वर केले.

पोरगा डोक्यावर आपटला, मान मोडली. जीव वाचला, हातही जेमतेम चालायला लागले, पण पाय गेले ते गेलेच.

वस्तादांना कोणी एका शब्दानं बोललं नाही. पैलवानकीत असं व्हायचंच, म्हणाले सगळे. कोणी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं. त्यानंतर ते कुठल्याच आखाड्यावर गेले नाहीत. आता आमच्याकडे वजनकाटा आणतात, वजन बघून जोड लावतात, मॅटही आली आहे. चांगलंच आहे ते. उशीर झाला एवढंच.

वस्ताद मात्र रोज सकाळी तेलाची बाटली पिशवीत घालून निघायचे. आळेफाट्याला एसटी बदलून पिंपळवंडी. पोराच्या पायांना मालिश करायची आणि परत. येताना माझ्या दुकानाच्या पायरीवर टेकायचे.

"आज अंगठा हलला शेठ. उजवा."

"असं?"

"मी इचारलं, हलला का रं? त्यो म्हनला, हलला वस्ताद. दिवाळीला उभा ऱ्हातोय बघा."

मग चहा मागवायचे. अशा किती दिवाळ्या गेल्या. पोराच्या डोक्याचे केस विरळ झाले, वस्तादांना पायरी चढवेना, तरी अंगठा हलतच होता. मीही मान डोलवायचो.

गेल्या हिवाळ्यात वस्ताद तापाचं निमित्त होऊन गेले. पिंपळवंडीला कळवायचं काम माझ्याकडे आलं. पोरगा, आता बाप्याच म्हणायचा, ओसरीत खाटेवर पडून होता. मी सांगितलं. तो आढ्याकडे बघत राहिला. आई आत जाऊन रडायला लागली. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "त्यांनी लई आस धरली व्हती रं. अंगठा हलतोय म्हणायचे."

"कदीच न्हाई हलला भाऊ."

मी खाटेच्या कडेला टेकलो.

"एकदा खरं सांगितलं व्हतं त्यांना. त्या दिशी पान्याचा घोट न घेता गेले. मंग दुसऱ्या दिशीपासनं मी हलला म्हनायला लागलो."

"आणि त्यांना ते खरं वाटायचं?"

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "पाय तर त्यांच्याच हातात असायचा भाऊ. त्यांना काय कळत नसंल?"